फँटसी बेसबॉलमधली हारजीत मनाला इतकी का लागते?

सूरसागरकाठ (बडोदे) यांचा प्रश्न

नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. अभियांत्रिकीच्या वर्गातले माझे बहुतेक मित्र अमेरिकेत स्थायिक झाले, आणि त्यांच्याशी रोजचे बोलणे टिकून राहिले ते फँटसी बेसबॉलमुळे. आमच्या लीगमध्ये बारा संघ आहेत. मार्चमध्ये ड्राफ्टच्या दिवशी प्रत्येकाने पाळीपाळीने खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ उभा करायचा, आणि मग सप्टेंबरपर्यंत ते खेळाडू आपापल्या खऱ्या सामन्यांत जे काही करतील ते आपल्या खात्यावर जमा होणार. आम्ही पैसे लावत नाही. शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्याने विजेत्याला लीलो चिवडा पाठवायचा, एवढाच दंड आहे. (अमेरिकेतला मित्र शेवटचा आला की चिवड्यासाठी त्याला माझीच मनधरणी करावी लागते, ही गोष्ट वेगळी.)

न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, त्यामुळे माझ्या दिवसाचा रंग दूधवाला येण्याच्या आसपास ठरलेला असतो. माझ्या पिचरने, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्याने, चांगला मारा केलेला असेल तर मी चहा करून आईला खोलीत नेऊन देतो, आणि त्याला पहिल्याच इनिंगमध्ये (सामन्याच्या नऊ डावांपैकी पहिल्यात) झोडपलेले असेल तर तोच चहा मला पाणचट लागतो.

2024 च्या ड्राफ्टमध्ये चिठ्ठीत माझा पहिला क्रमांक निघाला आणि मी अटलांटा ब्रेव्हजच्या रोनाल्ड अकुन्याला घेतले. आदल्या वर्षी त्याने 41 होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले होते आणि 73 बेस चोरले होते (म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा टप्पा गाठला होता), तेव्हा यात विचार करण्यासारखे काही नव्हते. मात्र आमच्या पद्धतीत क्रम दर फेरीला उलटतो, म्हणून पहिला खेळाडू घेणाऱ्याची पुढची पाळी थेट चोविसावी येते. सगळा भरवसा त्या एका माणसावर होता. 26 मेच्या रात्री आयपीएलची अंतिम लढत बघायला घरी पाहुणे जमले होते. हैदराबादचा डाव 113 धावांत आटोपला, कोलकात्याने अकराव्या षटकातच सामना संपवला, आणि आईस्क्रीमच्या वाट्या रिकाम्या होण्याआधीच सगळे उठले. मी गच्चीवर गाद्या टाकल्या आणि सहज फोन उघडला. पिट्सबर्गमध्ये पहिलीच इनिंग चालू होती. अकुन्याने दोन बेसचा फटका मारला होता, मग तिसऱ्या बेसकडे झेपावल्यासारखे करून तो मागे वळला होता आणि कोणाचाही धक्का न लागता त्याचा डावा गुडघा मुडपला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सौभाग्यवतींना मी उकाड्याचे कारण सांगितले.

आता खरी खटकणारी गोष्ट. त्याच वर्षी एप्रिलमध्ये माझ्या जुन्या बाकसोबत्याच्या संघातला स्पेन्सर स्ट्रायडर हा पिचर केवळ दोन सामने खेळून कोपराच्या दुखापतीने वर्षभरासाठी बाद झाला होता. 2023 मध्ये 281 फलंदाजांना स्ट्राइकआउट (चेंडू मैदानात मारू न देता बाद) करणारा तो पिचर होता. मी मित्राला सांत्वनाचा संदेश पाठवला, आणि तो पाठवत असताना मला हसू येत होते. स्ट्रायडरही अटलांटाचाच. मी कर्मविपाक वगैरे मानत नाही, पण मेमधल्या त्या रात्री गच्चीवर मला ते हसू आठवले, एवढे कबूल करतो.

येत्या मार्चमध्ये पुन्हा ड्राफ्ट आहे. ज्यांना मी कधी भेटणार नाही अशा माणसांच्या गुडघ्या-कोपरांवर माझे सुखदुःख टांगलेले असावे का, आणि आपण मंडळी हे मन कसे सांभाळता, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे.

होळकरी (इंदूर) यांचे उत्तर

आपल्या दुःखाचा काही भाग गणितात आहे, म्हणून आधी तेवढा वेगळा काढून ठेवतो.

होमरन, चोरलेले बेस, स्ट्राइकआउट हे आकडे केवळ वाढतात. वाईट दिवशी ते फार तर जागच्या जागी राहतात. परंतु पिचरची धावसरासरी, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्यावर लागलेल्या धावा, ही मिळवलेले परत हिरावून घेणारी गोष्ट आहे. समजा, आपल्या पिचरने पहिल्या सामन्यात दोन इनिंगमध्ये सहा धावा दिल्या, तर त्याची सरासरी 27.00 होते. ती 3.00 वर आणायची तर त्याने त्यापुढे सलग 16 इनिंग एकही धाव न देता टाकायला हव्यात. सुरुवातीचा पिचर साधारण पाचव्या दिवशी मैदानावर उतरतो आणि पाच-सहा इनिंग टाकतो, हे लक्षात घेतले तर दहा मिनिटांत झालेली नासाडी निस्तरायला अगदी निर्दोष असे दोन आठवडे लागतात. कानमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली मांडले की माणसाला लाभाच्या सुखापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख अधिक बोचते. त्या बोचणीला पहाटेच्या चहाबरोबर रोज हजेरी लावायची सोय या खेळात आयती आहे.

म्हणून माझी सूचना अशी की आपली लीग दर आठवड्याला एकास एक भिडणारी असेल, तर ती मूळच्या रोटिसरी पद्धतीवर न्यावी. डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी 1980 साली हा खेळ सुरू केला, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या ज्या उपाहारगृहात त्यांची बैठक जमत असे त्यावरून हे नाव पडले. त्यात पूर्ण हंगामाच्या बेरजेवर प्रत्येक प्रकारात संघांचे क्रम लागतात. खरा संघ 162 सामने खेळतो, त्यामुळे एक वाईट मंगळवार त्या ढिगात बुडून जातो. सोमवारी सकाळी निकाल लागण्याची धाकधूकही राहत नाही. मला ही पद्धत थोडी अळणी वाटते हे मान्य, पण माझा रक्तदाब तिने ताब्यात आला आहे.

जाता जाता एवढेच, की 1947 च्या रणजी अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी बडोद्यात आमच्या होळकर संघाविरुद्ध 577 धावांची भागीदारी केली आणि आम्ही एक डाव 409 धावांनी हरलो. माझे आजोबा त्यानंतर कित्येक वर्षे बडोद्याचा चिवडा घरात येऊ देत नसत. तेव्हा फोन नव्हते, हे त्यांचे नशीब.

साधामाणूस यांचे उत्तर

घरात करण्यासारखी कामे संपली की असले प्रश्न पडतात. माझे मत कडू लागेल, परंतु ज्या खेळाचा चेंडू आपण कधी हातात धरला नाही त्याच्यासाठी रात्रीची झोप घालवणे मला समजत नाही.

लष्करवासी (ग्वाल्हेर) यांचे उत्तर

साधामाणूस यांच्याशी मी सहमत नाही. झोप गेली याचा अर्थ काहीतरी जागे होते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः क्रिकेटची फँटसी लीग खेळते आणि आपण विचारलेला प्रश्न मला माझ्या टेबलाच्या बाजूने दिसतो.

खेळाडू जायबंदी झाला की आपल्या पडद्यावर त्याच्या नावापुढे दोन लाल अक्षरे येतात, आपण त्याला बाजूला काढतो आणि दुसरा उचलतो. त्या दोन अक्षरांमागे काय असते ते सांगते. गुडघ्यातला तुटलेला अस्थिबंध नवीन बसवल्यावर पहिले कित्येक दिवस माणसाचे एकच काम असते, ते म्हणजे पाय सरळ करणे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकवायचा प्रयत्न करायचा. मधले अंतर दोन बोटांचे असते आणि त्यासाठी धट्टीकट्टी मुले उशीत तोंड खुपसून रडलेली मी पाहिली आहेत. मांडीचा पुढचा स्नायू आवळ म्हटले तरी आवळत नाही, जणू तो दुसऱ्याचाच आहे. चांगल्या दिवसांनंतर अकारण वाईट दिवस येतो आणि सूज परत चढते. अकुन्याचा उजवा गुडघा 2021 मध्ये असाच गेला होता, म्हणजे 2024 मध्ये त्याला पुढचे सगळे ठाऊक होते. मला वाटते, ते ठाऊक असणे हेच अधिक जड.

आपल्याला मित्राच्या पिचरच्या वेळी हसू आले, ते बरे नव्हते. पण ते आपल्याला लक्षात राहिले आहे, म्हणून उपाय सांगते. आमच्या लीगमध्ये एक नियम आहे: कोणी जायबंदी झाला की त्या दिवशी त्याच्या जागी कोणीही दुसरा खेळाडू घ्यायचा नाही आणि ग्रुपवर विनोद टाकायचा नाही. चोवीस तास थांबायचे. हा नियम आधी कोणी मनावर घेत नव्हते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या स्पर्धा बंद झाल्या आणि आमच्यातले जे केवळ त्यासाठी आले होते ते निघून गेले. राहिलेल्या नऊ जणांना नियम पाळणे जड गेले नाही.

कोपराचेही एक सांगते. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हातातली स्नायूची दोरी बसवली, तेव्हा तो पुन्हा चेंडू टाकेल असे फार कोणाला वाटत नव्हते. तो 1976 मध्ये परतला आणि 1989 पर्यंत खेळला. त्याच्या 288 विजयांपैकी 164 विजय शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आणि आपला अकुन्या 23 मे 2025 रोजी परतला, तेव्हा त्याने समोर आलेल्या पहिल्याच चेंडूवर होमरन मारला. तो दिवस आपण कसा घालवला, हे आपण लिहिले नाही.

रावपुऱ्याची सून (बडोदे) यांचे उत्तर

मी खेळत नाही, पण खेळणाऱ्याच्या घरात राहते, म्हणून थोडे लिहिते.

2024 च्या सप्टेंबरात पितृपक्ष चालू होता आणि आमच्याकडे सासऱ्यांचे श्राद्ध होते. आदल्या रात्री दोननंतर हे उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले ते आत आलेच नाहीत. मायामीत शोहेई ओहतानी या बेसबॉलपटूंनी सहा पैकी सहा वेळा यशस्वी फटके मारले, तीन होमरन, दहा धावा वसूल, दोन बेस चोरले, आणि एकाच हंगामात पन्नास होमरन व पन्नास चोरलेले बेस अशी आजवर कोणी न केलेली कामगिरी पुरी केली. सगळे जग टाळ्या वाजवत होते. आमच्या घरी सुतक, कारण ओहतानी समोरच्याच्या संघात होते आणि तो आठवडा यांच्या उपांत्य फेरीचा होता.

सकाळी हे पाटावर बसले ते उतरलेल्या चेहऱ्याने. तर्पणाचे पाणी सोडताना हात थरथरत होता. गुरुजी थांबले आणि म्हणाले, "वडिलांवर फार जीव होता तुमचा." आतेसासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात वड्यांची परात घेऊन उभी होते आणि मला हसावे की रागवावे ते कळेना.

रात्री मी विचारलेच. हे बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की आधी ओहतानीच डोक्यात होते, हे खरे. पण पाणी सोडताना मोतीबागेवर बाबांबरोबर रणजीचे सामने पाहिलेले आठवले, बाबा वहीत एकेका षटकाचा हिशेब मांडत ते आठवले, आणि मग कशासाठी हात थरथरतो आहे ते त्यांचे त्यांनाही सांगता येईना. ती वही आमच्या कपाटात आहे. मी तेव्हापासून पहाटेच्या फोनबद्दल बोलणे सोडले आहे. चहा मात्र त्यांनीच करायचा, जिंकोत वा हरोत.

सूरसागरकाठ (बडोदे)

सर्वांचे आभार. होळकरी यांचा 16 इनिंगचा हिशेब मी लीगच्या ग्रुपवर टाकला. रोटिसरीच्या बाजूने चार मते पडली, विरोधात आठ, तेव्हा सोमवारची धाकधूक कायम आहे. चोवीस तासांचा नियम मात्र बाराही जणांनी मान्य केला. तो मांडताना बाकसोबत्याला मी एप्रिलमधल्या हसण्याबद्दल सांगितले. त्याने उलट विचारले, "आणि मेमध्ये मी काय केले असेल असे तुला वाटते?"

लष्करवासी ताईंच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले. अकुन्या परतला तेव्हा तो माझ्या संघात नव्हता, कारण 2025 च्या ड्राफ्टमध्ये मी घाबरून त्याला सोडले आणि बाकसोबत्याने घेतले. तो चेंडू मी पहाटे पाच वाजायच्या आत पाहिला. त्या होमरनने मी तो आठवडा हरलो. आईला चहा नेऊन दिला तेव्हा तिने विचारले, "आज जिंकलास वाटते?"