मदत हवी आहे: बे एरियात स्पॅनिश इमर्शनची (विषयच स्पॅनिशमधून शिकवणारी) सरकारी प्राथमिक शाळा, घरी मराठी बोलणाऱ्या मुलीसाठी

मंडळी, नमस्कार.

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात, सनीव्हेलला भाड्याने राहतो. लेक साडेचार वर्षांची आहे, येत्या ऑगस्टमध्ये किंडरला (पहिलीच्या आधीच्या वर्गात) जाईल. घराचं लीज जूनमध्ये संपतंय, त्यामुळे जिथे शाळा मिळेल तिथे बिऱ्हाड हलवायची तयारी आहे. खासगी शाळेची फी परवडणारी नाही, म्हणून फक्त पब्लिक शाळांबद्दलच विचारते आहे.

स्पॅनिशच का, असं घरूनही सगळे विचारतात. आमच्या शेजारी ग्वाटेमालाच्या एक आजी आहेत. मी कामावर गेले की गेली अडीच वर्षं लेक त्यांच्याकडे असते, त्यांना 'अबुएला' म्हणते. परवा भातुकली मांडून बसली होती. बाहुलीचा हात चुलीकडे गेला तशी एकदम ओरडली, "नो तोकेस! एस्ता कालिएन्ते!" (हात लावू नकोस! गरम आहे!) आवाजाची पट्टीसुद्धा हुबेहूब आजींची. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तिला भाजेल ना गं." हे ऐकल्यापासून माझ्या मनाने घेतलंय की ही भाषा तिच्याकडून सुटू द्यायची नाही. नुसत्या इंग्रजी शाळेत घातलं तर वर्षभरात विसरेल, याची मला खात्री आहे. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य, स्वरही स्वच्छ पाच. आपल्या मुलांच्या जिभेला ही भाषा किती सहज बसते, ते मी रोज बघते आहे.

आतापर्यंत जे कळलं ते लिहिते, चुकलं असेल तर सांगा. टू-वे किंवा ड्युअल इमर्शनच्या वर्गात साधारण अर्धी मुलं स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली असतात आणि बाकीची इतर घरांतली, म्हणजे मुलं एकमेकांकडूनही शिकतात. ९०/१० पद्धतीत किंडरला नव्वद टक्के शिकवणं स्पॅनिशमध्ये, मग दर वर्षी इंग्रजीचा वाटा वाढत चौथी-पाचवीपर्यंत निम्मं-निम्मं होतं. ५०/५० मध्ये पहिल्यापासूनच अर्धं-अर्धं. स्पॅनिश न येणाऱ्या मुलाला प्रवेश बहुतेक ठिकाणी किंडर किंवा पहिलीतच, पुढच्या वर्गात यायचं तर भाषेची चाचणी. त्यामुळे हे वर्ष, फार तर पुढचं, एवढंच हातात आहे.

यादीत सध्या माउंटन व्ह्यूची गाब्रिएला मिस्त्राल (चिलीच्या ज्या कवयित्रीला १९४५ चं नोबेल मिळालं, तिचं नाव, ती स्वतः शाळामास्तरीण होती, हे वाचून फार बरं वाटलं), पालो आल्टोची एस्कोन्दिदो, सॅन होजेची रिव्हर ग्लेन आणि रेडवूड सिटीची आदेलान्ते सेल्बी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत मिशन भागातली बुएना विस्ता होरेस मान आणि नोए व्हॅलीतली आल्वारादो आहेत, पण तिकडे राहायला गेलो तर नवऱ्याचा रोजचा प्रवास फार होईल. प्रत्येक डिस्ट्रिक्टचा (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) अर्ज वेगळा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी, आणि आधीचं भावंड शाळेत असेल तर त्यांना प्राधान्य. आमची एकुलती एक.

आता खरा प्रश्न. नाव घालताना 'होम लँग्वेज सर्व्हे' भरावा लागतो. त्यात घरची भाषा मराठी लिहिली की मुलांना एल्पॅक ही इंग्रजीची चाचणी द्यावी लागते, आणि त्यात कमी पडलं तर इंग्लिश लर्नर (अजून इंग्रजी शिकणारं मूल) अशी नोंद होते. ओळखीतल्या दोघीतिघींनी "सरळ इंग्रजी लिहून टाक" असं सांगितलं. मला ते पटत नाही. घरात आम्ही मराठीच बोलतो, ते लपवायचं कशाला? पण मग इमर्शनच्या प्रवेशात आमची मुलगी कुठल्या गटात धरतात? घर स्पॅनिश नाही, इंग्रजीही नाही. तिला स्पॅनिश बऱ्यापैकी समजतं, म्हणून तिची तोंडी चाचणी घेऊन स्पॅनिश येणाऱ्यांत घेतील का? एका डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात फोन केला तर एका बाईंनी हो म्हटलं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांनी नाही म्हटलं. कोणी या वाटेने गेलं असेल तर नेमकं काय झालं ते कळवा.

दुसरी काळजी मराठीची. सध्या रविवारच्या मराठी शाळेत तिला अक्षरओळख चालू आहे, अ ते औ झालंय. किंडरला वाचायला शिकवतील ते स्पॅनिशमध्ये, इंग्रजी वाचन नंतर, आणि देवनागरी आमची घरी. तीन लिहिण्याच्या तऱ्हा एकाच वेळी, पाच वर्षांच्या मुलीला. ज्यांच्या मुलांनी हे केलंय त्यांनी मराठी वाचन चालू ठेवलं की दुसरी-तिसरीपर्यंत थांबवलं? आणि अभ्यासाला आईबाबा कशी मदत करतात? मला तर 'ग्रासियास'च्या पुढे फारसं येत नाही. डुओलिंगो हे भाषा शिकायचं ॲप रोज करते आहे, पण शाळेतून स्पॅनिशमध्ये आलेली गणिताची वर्कशीट समजेल का, शंकाच आहे.

सासूबाई म्हणतात, आधी एक भाषा नीट येऊ दे. त्या स्वतः बेळगावच्या, मराठी-कन्नड दोन्ही बोलत वाढल्या, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आम्हाला कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं गं."

अर्ज हिवाळ्यात सुरू होतात, त्याआधी शाळा बघून यायच्या आहेत. वरच्यापैकी एखाद्या शाळेत कोणाचं मूल असेल तर व्यनि (खासगी निरोप) केलात तरी चालेल.

भर: ज्यांनी लिहिलं त्यांचे मनापासून आभार. सर्व्हेत मराठीच लिहायचं ठरवलं आहे. अबुएलांना विचारलं, स्पॅनिशच्या तोंडी चाचणीच्या दिवशी बरोबर याल का? त्या लगेच म्हणाल्या, हो. मात्र चाचणीला मुलाबरोबर घरच्यांशिवाय कोणी आलेलं चालतं का, हे कोणाला माहीत आहे का?