चहा स्वस्त झाला होता, तरी बॉस्टनकरांनी तो समुद्रात का फेकला?

देवराई (धागाकर्ता)

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की एकच कारण ऐकू येते: इंग्रजांनी कर वाढवले, तेरा वसाहती चिडल्या आणि वेगळ्या झाल्या. मला हे पटत नाही. १७७३ च्या चहा कायद्याने तिथला चहा महाग नव्हे, स्वस्त झाला होता. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा बुडायच्या बेतात होती आणि लंडनच्या गोदामांत तिचा चहा पडून होता. तो खपावा म्हणून पार्लमेंटने तिला सवलती दिल्या आणि थेट अमेरिकेत माल विकायची मुभा दिली. पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर मात्र मुद्दाम तसाच ठेवला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. त्यात चहाच्या चोरट्या व्यापाऱ्यांचा स्वार्थ होताच, पण एवढी माणसे त्यामागे उभी राहिली ती दुसऱ्या कारणाने. तो चहा घेतला असता, तर ज्या सभागृहात आपला एकही प्रतिनिधी नाही त्याचा आपल्यावर कर बसवण्याचा हक्क मान्य केल्यासारखे झाले असते.

याआधीचे उदाहरण बघा. १७६५ चा स्टँप कायदा, म्हणजे कागदपत्रांवरचा कर, विरोधामुळे मार्च १७६६ मध्ये मागे घेतला गेला. पण त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा केला: वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा अधिकार आमचाच. पैसा सोडला, अधिकार सोडला नाही. पुढे १७७४ मध्ये बॉस्टन बंदर बंद केले, मॅसॅच्युसेट्सची सनद मोडली, गावसभांवर बंधने घातली. तेव्हा एरवी एकमेकांशी फारसे न जमणाऱ्या तेरापैकी १२ वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात 'काँग्रेस' नावाच्या सभेत एकत्र बसले. राज्य करण्याचा हक्क येतो कुठून, हा प्रश्न होता, म्हणूनच लढाईतून नवा राजा न निघता प्रजासत्ताक निघाले. माझे मत ठाम आहे. विरुद्ध मते वाचायला आवडतील.

पाणंद

पूर्ण असहमत. जमीन आणि गुलाम हे दोन विषय तुम्ही सोडूनच दिलेत.

१७६३ मध्ये फ्रेंचांशी युद्ध संपताच तिसऱ्या जॉर्जने फर्मान काढले की ॲपलाचियन डोंगरांच्या पश्चिमेला वसाहतवाल्यांनी वस्ती करू नये. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनसह व्हर्जिनियाच्या बड्या जमीनदारांचा डोळा त्याच जमिनीवर होता. दुसरे, नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीर केले की बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील ते मुक्त होतील. दक्षिणेतले काठावरचे कितीतरी मालक त्यानंतर राजाच्या विरोधात गेले. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा शेवटपर्यंत वाचा. सर्व माणसे समान असे सुरुवातीला म्हणणारा तोच मसुदा राजावरच्या आरोपांच्या शेवटी मूळ रहिवाशांना 'निर्दय रानटी' म्हणतो. आणि गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा, मसुदा लिहिणाऱ्या जेफरसनचा परिच्छेद काँग्रेसने काढून टाकला. हक्काचे तत्त्व होते, पण कुणाच्या हक्काचे?

देवराई

पाणंद, डनमोरचा मुद्दा वजनदार आहे, पण तारखा बघा. लेक्सिंग्टन आणि काँकॉर्डला युद्धाची पहिली गोळी सुटली १९ एप्रिल १७७५ ला, डनमोरच्या सात महिने आधी. आणि ठिणगी पडली मॅसॅच्युसेट्समध्ये, जिथे दक्षिणेच्या तुलनेत गुलाम थोडे होते. उलट याच धामधुमीत व्हरमाँटने १७७७ मध्ये प्रौढांची गुलामी संविधानातच नाकारली, १७८० मध्ये पेनसिल्व्हेनियाने टप्प्याटप्प्याने मुक्तीचा कायदा केला. ते तत्त्व हवेत विरले नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती उगाच नाही.

पाणंद

जोतीरावांनी ते पुस्तक गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केले आहे. तो गौरव गुलामगिरी मोडणाऱ्यांचा आहे, ती घटनेत सांभाळून ठेवणाऱ्यांचा नव्हे. १७८७ च्या घटनेने गुलामांना प्रतिनिधित्वासाठी तीन पंचमांश माणूस धरले आणि गुलामांची आयात १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही अशी तरतूद केली. कृपया या दोन प्रकारच्या माणसांना एका ओळीत बसवू नका.

गलबत

तत्त्वावर वाद चालू द्या, पण युद्ध तत्त्वाने जिंकले जात नाही. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला इंग्रज फौज शरण आली, तेव्हा कुठे फ्रान्सने फेब्रुवारी १७७८ मध्ये तह केला. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस अडकला तो द ग्रासच्या फ्रेंच आरमाराने चेसापीक उपसागराचे तोंड धरले म्हणून.

अवांतर: त्याच वर्षांत इंग्रज आपल्याकडेही गुंतले होते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांनी मराठ्यांपुढे नाक घासले आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह केला. तिकडे हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला आणि १७९३ मध्ये बंगालवर कायमधारा लादून गेला. तिकडच्या पराभवातून इंग्रज जे शिकले, त्याची किंमत आपण मोजली असे मला वाटते.

मुळाक्षर

देवराई, राजापासून सुटणे आणि राष्ट्र उभारणे या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्या आहेत. घटनेआधी, १७८१ मध्ये लागू झालेल्या राज्यांच्या पहिल्या संयुक्त व्यवस्थेत काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. राज्यांपुढे हात पसरायचा, ती देतील तेव्हा देतील. सैनिकांचे पगार थकले. तिकडे मॅसॅच्युसेट्सने कर्ज फेडायला जबर कर लावले, तेही नाण्यांत मागितले. शेतकऱ्यांच्या जमिनी जप्त होऊ लागल्या, तेव्हा १७८६ मध्ये डॅनियल शेज या युद्धातल्या माजी कप्तानाच्या नावाने ओळखले जाणारे बंड उठले. त्यांनी न्यायालयांची कामे बंद पाडली. या शेतकऱ्यांवरचा कर त्यांच्याच विधानसभेने बसवला होता! प्रतिनिधित्व मिळाले तरी बोजा हलका झाला नाही. या धक्क्यानंतर, १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात घटना लिहायला बसले. ऱ्होड आयलंडने तर माणूसही पाठवला नाही. माझ्या मते राष्ट्राचा जन्म तिथला.

देवराई

मुळाक्षर, शेजच्या बंडाने माझा मुद्दा अपुरा ठरतो हे मान्य, पण खोटा ठरत नाही. लंडनच्या मंत्र्यांना बॉस्टनकर निवडणुकीत पाडू शकत नव्हते. १७८७ मध्ये मात्र मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी बंड चिरडणाऱ्या गव्हर्नर बॉडन यांना पाडले आणि पुढच्या सरकारने शेतकऱ्यांना सवलती दिल्या. हाच तो फरक.

पाणंद, तुमच्यासाठी एक माणूस आणतो. हॅरी वॉशिंग्टन हा जॉर्ज वॉशिंग्टनचाच गुलाम. तो पळून इंग्रजांकडे गेला, १७८३ मध्ये न्यू यॉर्कहून नोव्हा स्कोशियाला आणि १७९२ मध्ये सिएरा लिओनला पोचला. तिथल्या इंग्रज कंपनीने जमिनीवर सारा लावला, तेव्हा १८०० मध्ये ज्यांनी बंड केले त्यांत हा होता. त्याला हद्दपार केले. ज्याच्याकडून तो पळाला त्याचीच भाषा तो बोलत होता.

पाणंद

हॅरीला ती भाषा शिकायला मालकाची गरज नव्हती. आणि जमिनीबद्दल तुम्ही अजून काही बोललेला नाहीत. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमाने सेनापती सलिव्हनच्या फौजेने तिथल्या मूळ रहिवासी इरोक्वॉय लोकांची चाळीसवर गावे आणि उभी मक्याची शेते जाळली. १७८३ च्या पॅरिस तहात इंग्लंडने मिसिसिपीपर्यंतचा मुलूख नव्या राष्ट्राला देऊन टाकला, तिथे राहणाऱ्यांना न विचारता. राज्य करण्याचा हक्क शासितांच्या संमतीतून येतो असे तोच जाहीरनामा म्हणतो. या मुलखात ती संमती कुणाकडून घेतली?