गोळ्या वाढवण्याआधी सायन्युरिक आम्ल मोजा
पोहण्याच्या तलावाचं पाणी हिरवट झालं की क्लोरीनच्या गोळ्या वाढवा, असा सल्ला दिला जातो; तो मला धोक्याचा वाटतो. ट्रायक्लोरच्या (क्लोरीनच्या एका प्रकारच्या) गोळ्यांमधून दर 10 पीपीएम (दहा लाखांत 10 भाग) क्लोरीनमागे साधारण 6 पीपीएम सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरतं. क्लोरीन संपून जातं, हे आम्ल मात्र साठत राहतं. 30 ते 50 पीपीएमपर्यंत ते क्लोरीनला उन्हापासून जपतं. फार वाढलं की क्लोरीनला असं धरून ठेवतं की चाचणीत आकडा छान दिसतो आणि शेवाळ वाढतच जातं.

माझ्या तलावात नेमकं हेच झालं. पीएच 7.4 म्हणजे योग्य, क्लोरीनही भरपूर, तरी पाणी हिरवं. आम्ल कमी करायला निम्मं पाणी काढून ताजं भरलं, तेव्हा कुठे तळ दिसला. आता रोजच्यासाठी हे आम्ल नसलेलं द्रव क्लोरीनच वापरतो, गोळ्या फक्त बाहेरगावी जाताना.