आरोग्य कार्यकर्तीच्या हाती औषध द्यावे की देऊ नये?

मृदुला
'जेमतेम शिकलेल्या बाईच्या हाती प्रशिक्षण शिबिर आटोपताच औषधपेटी सोपवणे ही गरिबांची बोळवण आहे,' असे डॉ. निशिकांत यांनी परवा लिहिले. मी अशाच कार्यकर्त्यांना शिकवते, त्यामुळे गप्प बसणे मला शक्य नाही. न्यूमोनियाची शंका आली की ती कार्यकर्ती बाळ शांत होईपर्यंत थांबते, अंगावरचा कपडा वर सारते आणि पोटाच्या हालचालीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, वर्षाच्या आतल्याचे ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर ते जलद, म्हणजे न्यूमोनियाचे लक्षण. बाळ पीत नसेल तर थेट रुग्णालय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांना जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायलाही शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. ही बोळवण आहे का?

डॉ. निशिकांत
गडचिरोलीचे नाव घेतले की वाद मिटला, असे समजू नका. तिथे निवड काटेकोर होती आणि डॉक्टर नियमितपणे गावात जाऊन काम तपासत होते. सरकारी योजनेत कार्यकर्ती घेतात, देखरेख मात्र गाळतात. माझ्याकडे एक बाळ आले, त्याची छाती खोल आत ओढली जात होती आणि तरीही त्याला तीन दिवस घरीच औषध दिले गेले होते. ते वाचले नाही. ती बाई निष्काळजी नव्हती. प्रशिक्षणानंतर तिची एकदाही उजळणी झाली नव्हती. तुमचे आकडे मी त्या आईला कोणत्या तोंडाने सांगू?

रेवती
मी स्वतः हे काम करते. आम्हाला काय येते आणि काय येत नाही यावर दोघे भांडता, पण आम्हाला काय मिळते हे कोणीच विचारत नाही. कागदोपत्री आम्ही स्वयंसेविका, म्हणून ठरलेला पगार नाही, कामागणिक मोबदला. बाळंतिणीला रुग्णालयात नेले तर त्याची नोंद होते, पण तापाने फणफणलेल्या मुलाजवळ रात्रभर बसले तर त्याला रजिस्टरात रकानाच नाही.

अनिरुद्ध
पगार सुरू झाला की ही मंडळी गावाची राहत नाहीत, वरच्या कार्यालयाची होतात. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हे काम उभे केले, ते पगारी नोकरांच्या नव्हे तर गावाने निवडलेल्या बायकांच्या बळावर. सेवेला दर लावला की सेवा उरत नाही.

रेवती
तुम्ही बिनपगारी काम करता का? नसाल करत, तर सेवेचे धडे आम्हाला देऊ नका. रात्री दार वाजले की उठायचे आम्ही, आणि पैशांचा विषय काढला की हलके ठरायचेही आम्हीच!

मृदुला
अनिरुद्ध, इथिओपियाने २००३ पासून स्थानिक तरुणींना वर्षभर शिकवले आणि सरकारी पगारावर गावोगाव नेमले. पगारामुळे त्या परक्या झाल्या नाहीत. कामाच्या प्रमाणात मोबदला द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे.

अनिरुद्ध
द्या पगार, मी आडवा येत नाही. मात्र निवड गावानेच करावी, पुढाऱ्याच्या चिठ्ठीने नव्हे. पगाराची जागा निघाली की चिठ्ठ्या येतात, हे मी पाहिले आहे.

डॉ. निशिकांत
मूळ प्रश्न पगाराने गिळला. तरीही एवढे मान्य करतो, आणि तेही नाइलाजाने, की जिथे डॉक्टर पोहोचतच नाही तिथे श्वास मोजून ॲमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक देणारी बाई नसण्यापेक्षा असलेली बरी. नवजात बाळांच्या इंजेक्शनला माझा विरोध कायम आहे. ठरावीक काळाने उजळणी आणि प्रत्येक मृत्यूची चौकशी होत नसेल, तर गोळ्यांनाही राहील.

रेवती
उजळणी आम्हालाही हवीच आहे, डॉक्टर. फक्त त्या दिवसाची मजुरी बुडवून आणि पदरच्या गाडीभाड्याने यायला लावू नका. आणि मृत्यूची चौकशी कराल तेव्हा आमची झडती घेण्याआधी एवढे तपासा, की त्या कार्यकर्तीच्या पेटीत औषध शिल्लक होते का, श्वास मोजायचे घड्याळ चालू होते का आणि तिने बोलावलेली गाडी किती वाजता आली.