ट्रेलसाठी क्लच ट्यूनिंग: आधी हेलिक्स की आधी वेटं?

वळणवेडा

स्नोमोबाइलच्या क्लचचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "अंगठा (म्हणजे अंगठ्याचा थ्रॉटल) पूर्ण दाबल्यावर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, किती?" मग त्या एका आकड्यासाठी प्रायमरी, म्हणजे इंजिनाकडची पुली, उघडायची, वेटं बदलायची, स्प्रिंग बदलायची. गोठलेल्या तळ्यावर सरळ रेषेत पळवणाऱ्यांनी खुशाल त्या आकड्यामागे लागावं. माझा मुद्दा ट्रेलवाल्यांसाठी आहे. ट्यूनिंग करायचंच असेल तर आधी सेकंडरीला, म्हणजे ट्रॅककडच्या पुलीला, हात घाला, म्हणजे हेलिक्स आणि तिथली स्प्रिंग. वेटं नंतर.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. क्लच म्हणजे बेल्टने जोडलेल्या दोन पुली. प्रायमरी इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर बसते. इंजिनाचा वेग वाढला की आतली वेटं बाहेर फेकली जातात, स्प्रिंगला दाबत पुलीच्या दोन थाळ्या जवळ आणतात आणि बेल्ट वर चढतो. तिकडे सेकंडरीत बेल्ट तेवढाच खाली उतरतो. हा अपशिफ्ट. पण सेकंडरी नुसती प्रायमरीच्या मागे फरफटत जात नाही. ट्रॅकवर भार आला की तिच्यातला हेलिक्स, म्हणजे तो तिरका चढ, टॉर्कच्या जोरावर थाळ्या पुन्हा मिटवतो, बेल्ट वर ढकलतो आणि गिअर पाडल्यासारखं होतं. हा बॅकशिफ्ट.

आता ट्रेलवर आपण करतो काय? वळणात शिरताना अंगठा सोडतो, बाहेर पडताना दाबतो, तोवर पुढचं वळण येतं. बॅकशिफ्ट चांगला असेल तर दाबल्या क्षणी टॅकोमीटरचा काटा उडी मारून पॉवरबँडमध्ये, म्हणजे इंजिन सर्वाधिक ताकद देतं त्या आरपीएमच्या पट्ट्यात, जातो आणि तिथेच टिकतो. आजच्या मोठ्या टू-स्ट्रोकला हा पट्टा साधारण ८००० च्या आसपास. बॅकशिफ्ट मंद असेल तर काटा सात हजारांवर रेंगाळतो, इंजिन घशातल्या घशात गुरगुरतं आणि आठ हजार येईपर्यंत ब्रेक दाबायची वेळ झालेली असते. गंमत म्हणजे हेच मशीन लांब सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटलला अचूक ८००० दाखवतं! आकडा बरोबर, चाल मरगळलेली. अशा मशीनची वेटं बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हेलिक्सचा कोन कमी केला की तोच टॉर्क थाळ्यांना जास्त जोराने मिटवतो, बॅकशिफ्ट चटकन होतो. दोन-चार अंशांचा फरक अंगठ्याला लगेच जाणवतो. असहमतांचं स्वागत आहे.

जुना_बेल्ट

असहमत. हेलिक्सही नको, वेटंही नकोत.

कंपनी सेटिंग देते तेव्हा तिने थंडी, उंची, हलका-जड चालक, ताजा बर्फ, टणक बर्फ, सगळं धरून मधला मार्ग काढलेला असतो. "मशीन मरगळलंय" म्हणणाऱ्यांच्या साइड पॅनलच्या आत डोकावून बघा. थाळ्यांवर काळी पूड, बेल्टची कड काचेसारखी गुळगुळीत, रोलर एका बाजूने चपटे झालेले, बुशिंगमध्ये (फिरत्या भागाखालच्या धातूच्या नळीत) खेळ. वेट ज्या रोलरवरून सरकतं तोच फिरत नसेल तर वेट कितीही ग्रॅमचं असो, शिफ्ट अडखळतच होणार.

आधी थाळ्या स्वच्छ करा. बेल्टचं डिफ्लेक्शन, म्हणजे दाबल्यावर तो किती खाली जातो, ते बघा. बेल्ट सैल असेल तर सुटताना मशीन ढिम्म राहतं, घट्ट असेल तर आयडलवरच पुढे ओढायला लागतं. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का ते पट्टी लावून तपासा. निम्म्यांना त्यानंतर हेलिक्सची आठवणही येत नाही.

दोन_ग्रॅम

साफसफाईबद्दल जुना_बेल्ट यांना +१. पुढे मात्र दोघांशीही असहमत.

धागाकर्ते अर्धीच गोष्ट सांगताहेत. कमी कोनाचा हेलिक्स टाकला की अपशिफ्टला विरोध वाढतो आणि आरपीएम वर जातो. इंजिन ८००० ला सर्वाधिक ताकद देत असेल आणि आता ८३०० ला ओरडत असेल, तर तुम्ही ताकदीच्या शिखरावरून पलीकडे उतरलात. ते खाली आणायला वेट वाढवावंच लागतं. ढोबळ हिशेब असा की प्रत्येक वेटाला दोन ग्रॅम वाढवले की आरपीएम शंभर ते दोनशेने उतरतो. म्हणजे शेवटी प्रायमरी उघडणारच आहात, मग सुरुवात तिथूनच का नको?

आणि वेट म्हणजे नुसता एकूण ग्रॅमचा आकडा नव्हे. वजन कुठे आहे ते महत्त्वाचं. वेट ज्या खुंटीवर झुलतं तिच्याजवळचं, म्हणजे टाचेकडचं वजन सुटताना आणि मधल्या पट्ट्यात काम करतं, टोकाकडचं वजन वरच्या वेगात. ट्रेलवाल्याचा सगळा जीव मधल्या पट्ट्यात. टाचेकडे थोडं वाढवा, टोकाकडचं तसंच ठेवा, वळणातून निघताना ओढ बदललेली दिसेल. हेलिक्सला हे बारकावे नाहीत.

स्की-डूच्या टीआरए प्रायमरीत तर बाहेरूनच क्लिकर, म्हणजे आरपीएम बदलायचे फिरते स्क्रू, आहेत, १ ते ६. एक पायरी म्हणजे साधारण २०० आरपीएम. पान्यावर काम होतं, क्लच काढायचीही गरज नाही. जे काम पार्किंगमध्ये उभ्या उभ्या होतं ते सोडून आधी सेकंडरी खोला, हा सल्ला मला पटत नाही.

वळणवेडा

@दोन_ग्रॅम, क्लिकर आरपीएम वरखाली करतो. रेंगाळण्यावर त्याचा इलाज नाही. अर्ध्या थ्रॉटलला प्रायमरी कशी वागते बघा. इंजिनाचा टॉर्क कमी, त्यामुळे हेलिक्सचा विरोधही कमी, म्हणून वेटं कमी आरपीएमवरच बेल्ट वर नेऊन ठेवतात. तिथून अंगठा दाबला की बेल्टला पुन्हा खाली आणायचं काम सेकंडरीचं. टाचेकडे वजन वाढवलंत तर प्रायमरी तो बेल्ट अजून घट्ट धरून बसणार. बॅकशिफ्टच्या वाटेत तुम्हीच दगड टाकताय.

वेट वाढवावं लागतं हे मान्य. वाद क्रमाचा आहे. हेलिक्स आधी ठरवला की वेटं किती हवीत हे आरपीएम आपोआप सांगतो. उलट्या क्रमाने गेलात तर वेटं दोनदा बदलाल.

@जुना_बेल्ट, कंपनीने सगळ्यांसाठी मधला मार्ग काढला हेच तर मी म्हणतोय. सगळ्यांसाठी म्हणजे नेमका माझ्यासाठी नाही.

बर्फाळ_सई

वळणवेडा, बॅकशिफ्ट कोणाला नको? पण त्याची किंमत बेल्ट मोजतो, त्याबद्दल धाग्यात चकार शब्द नाही.

कमी कोनाचा हेलिक्स, त्यावर कडक स्प्रिंग, त्यावर जड वेटं. दोन्हीकडून बेल्टची पिळवणूक. जोर वाढला की घसरण कमी होते हे खरं, पण एका मर्यादेनंतर ती पकड नुसती उष्णता होते. शिवाय दिवसभर एका स्थिर वेगाने जाणाऱ्याचं इंजिन विनाकारण पाच-सातशे आरपीएम वर फिरत राहतं. पेट्रोल जास्त, आवाज जास्त, संध्याकाळी डोकं भणभणलेलं. आमच्या गटातले बरेच जण लांब पल्ल्याचे, त्यांना वळणावरची उडी नको, शांत चाल हवी.

एक साधी तपासणी सांगते. दमदार चाल झाल्यावर थांबा, इंजिन बंद करा, पुली पूर्ण थांबल्यावरच गार्ड (बेल्टवरचं झाकण) उघडा आणि दोन्ही पुलींजवळ हात न्या. आधी जवळ, मग अलगद स्पर्श. ज्या पुलीवर हात ठेवणं सोसत नाही, तिथे बेल्ट घसरतोय. प्रायमरी तापली असेल तर तिथली पकड अपुरी, बहुतेकदा वेट कमी. सेकंडरी तापली असेल तर स्प्रिंग किंवा हेलिक्स बघा. टॅकोमीटर एवढं सांगत नाही.

(आणि कृपा करून गार्ड काढून किंवा बेल्ट काढून इंजिन रेज करू नका. बेल्ट फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात, आणि बेल्ट नसताना भारच नसल्याने इंजिन बेफाम सुटतं.)

चौथा_ढग

वाचक आहे, ट्यूनर नाही. ट्रेल २५०० मीटरच्या आसपास, मशीन खालच्या उंचीच्या सेटिंगचं. काटा ७५०० च्या वर जातच नाही. मी हेलिक्सवाला की वेटवाला?

दोन_ग्रॅम

@चौथा_ढग, वेटवाला, निःसंशय. दर ३०० मीटरला इंजिनाची सुमारे ३ टक्के ताकद जाते. अडीच हजारांवर जवळजवळ चौथा हिस्सा गेला. एवढ्या कमी ताकदीच्या इंजिनाला तीच वेटं जड होतात आणि आरपीएम खाली ओढतात. वेटं हलकी करा, काटा वर येईल. कंपनीच्या पुस्तिकेत उंचीनुसार वेट-स्प्रिंगचा तक्ता असतो, तोच पाया धरा.

वळणवेडा

इथे दोन_ग्रॅम यांच्याशी पूर्ण सहमत. उंचीचा प्रश्न वेटांचाच. माझा धागा आरपीएम बरोबर असूनही मशीन सुस्त वाटणाऱ्यांसाठी आहे.

साखळीबॉक्स

तुमचं भांडण ऐकून मजा आली, पण दोघांनीही गिअरिंगचं, म्हणजे सेकंडरीपासून ट्रॅककडे जाणाऱ्या साखळीच्या दातांच्या प्रमाणाचं, नाव काढलेलं नाही.

पर्मनंट मार्कर घ्या. प्रायमरीच्या थाळीच्या आतल्या तोंडावर केंद्रापासून कडेपर्यंत एक रेघ ओढा. मग नेहमीच्या ट्रेलवर, नेहमीच्या पद्धतीने एक फेरी मारा. परत येऊन बघा, बेल्टने रेघ कुठपर्यंत पुसली. कडेला बोटभर शाई जशीच्या तशी राहिली असेल तर तुमचा बेल्ट तिथवर कधी जातच नाही. तो वरचा वेग तुम्ही वापरत नाही, उगाच वाहताय. चेनकेसमध्ये (त्या साखळीच्या पेटीत) वरचा स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, एखाद-दोन दातांनी कमी करा. ट्रॅकवरचा जोर वाढतो, बेल्ट पुलीच्या मधल्या भागात राहतो, वळणातून निघणं हलकं होतं. क्लचला हातही लावलेला नाही.

अवांतर: १९५८ मध्ये डाफ कंपनीच्या मोटारीत हाच बेल्ट-पुलीचा प्रकार व्हेरिओमॅटिक नावाने आला होता. गिअर हा शब्दच काढून टाकणारी रचना, आणि आपण अजून गिअरवरच भांडतोय.

जुना_बेल्ट

साखळीबॉक्स, मार्करची युक्ती झकास. पण तीच रेघ माझीही बाजू मांडते. शाई पूर्ण कडेपर्यंत पुसली, आरपीएम योग्य, पुली कोमट. मग बदलायचं कशाला? बदलण्याची हौस म्हणूनच ना?

आणखी एक. नवा बेल्ट टाकला की कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि पहिले पन्नासेक किलोमीटर हळू चालवा. नव्या बेल्टवर पहिल्याच दिवशी ट्यूनिंगचा निवाडा करणाऱ्यांचं ऐकू नका. बेल्ट बसला की आकडे बदलतात.

वळणवेडा

सई यांच्या मुद्द्यावर येतो, कारण तोच खरा आक्षेप आहे. लांब पल्ल्याच्या संथ चालीला कमी कोनाचा हेलिक्स नकोच. तिथे जास्त कोन बरा, इंजिन खालच्या आरपीएमवर निवांत राहतं. पण मग पायरी-पायरीचे हेलिक्स मिळतात, सुरुवातीला एक कोन, शेवटी दुसरा. सुरुवातीचा मोठा कोन चाल लवकर सोडतो, शेवटचा लहान कोन वरच्या वेगातला बॅकशिफ्ट सांभाळतो. तडजोड तिथे आहे. मला स्वतःला वळणांच्या ट्रेलवर एकाच कोनाचा सरळ हेलिक्स आवडतो, कारण अंगठा किती दाबला की काय होणार हे नक्की असतं. पायरीच्या ठिकाणी मशीन जरा दचकतं.

आणि उष्णतेचं भय कडक स्प्रिंगचं जास्त, हेलिक्सचं कमी. स्प्रिंगचा दाब दिवसभर असतो, थ्रॉटल असो नसो. हेलिक्सचा दाब टॉर्क आला तरच येतो. म्हणून बॅकशिफ्ट हवा असेल तर तो हेलिक्समधून घ्या, स्प्रिंग शक्यतो कंपनीची ठेवा.

बर्फाळ_सई

हे मूळ धाग्यात का नव्हतं? :) स्प्रिंग आणि हेलिक्समधला हा फरक लक्षात न घेता लोक दोन्ही एकदम बदलतात, मग कशाने काय झालं ते कोणालाच कळत नाही.

पण तरी क्रमाबद्दल मी दोन_ग्रॅम यांच्याकडेच झुकते. वेटं बदलून परत जुनी बसवता येतात. हेलिक्स विकत आणून नाही आवडला की तो कपाटात पडतो.

दोन_ग्रॅम

धन्यवाद, सई. वेटं बदलणार असाल तर सगळी वेटं एकाच वजनाची आहेत का ते काट्यावर तोलून घ्या, नुसत्या छापील आकड्यावर विसंबू नका. एक जरी वेगळं असेल तर प्रायमरी थरथरते आणि बुशिंग खाते. पुलरने क्लच काढून सुटा केला असेल तर स्पायडर (प्रायमरीतला मधला, तीन हातांचा भाग), कव्हर आणि थाळी यांच्यावरच्या जुळणीच्या खुणा एका रेषेत आल्याशिवाय बोल्ट कसू नका. क्रँकशाफ्टचा टेपर (निमुळतं टोक) आणि क्लचचं भोक दोन्ही कोरडं पुसायचं, तेलाचा थेंबही नको.

वळणवेडा, हेलिक्स आधी हे मला अजून पटलेलं नाही. तुमच्या मशीनवर साखळीबॉक्स यांची रेघ ओढा, फोटो टाका. शाई कडेला उरली असेल तर तुमचा रेंगाळणारा काटा हा गिअरिंगचा प्रश्न आहे, हेलिक्सचा नाही.

वळणवेडा

टाकतो. रेघ पूर्ण पुसलेली निघाली तर मात्र वेटांची पेटी तुम्ही बंद करायची.