प्र: संजय गांधी निराधारचं (निराधार, दिव्यांगांना दरमहा मिळणारं सरकारी) अनुदान बंद झाल्यावर अपील

अनुदान बंद झालं की काही जण सांगतात, तहसीलला खेटे घालण्यापेक्षा नव्याने अर्ज टाका. घाई करू नका. नवा अर्ज म्हणजे जुनं प्रकरण आपणच सोडून दिल्यासारखं, आणि मधल्या महिन्यांच्या पैशांवर हक्क सांगणं अवघड होतं. आधी बंद का झालं ते लेखी घ्या. तोंडी "वरूनच बंद झालंय" याला काही अर्थ नाही. लेखी मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा; त्याला दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प पुरतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आमच्या मामांचं (लहानपणीचा पोलिओ, डावा पाय) संजय गांधी निराधारचं अनुदान थांबलं तेव्हा दोन महिने आम्ही हयातीचा दाखला, आधार, बँक यातच फिरत होतो. कागद हातात आला तेव्हा कळलं की फेरतपासणीत दिव्यांगत्व ४५ चं ३५ टक्के झालंय, आणि योजनेला किमान ४० लागतात. तपासणी कसली, बाकावर बसवून टेप लावली, चालायलासुद्धा सांगितलं नाही! इथे तहसीलदार काही करू शकत नाही, तो फक्त आकडा बघतो. भांडण दिव्यांगत्वाच्या दाखल्याशी आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५९ खाली दाखल्याविरुद्ध वेगळं अपील करता येतं, हे कुणी सांगत नाही. अपिलाला जुना दाखला, जुने केसपेपर सगळं जोडा. मामांच्या बायकोने ते पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं म्हणून निभावलं.