ध्रुवित प्रकाशात स्फटिकांचे फोटो: रंग धुवट का येतात?

काचपट्टी:
व्हिटॅमिन सीचा थेंब स्लाइडवर वाळवून, खाली-वर पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे फिल्टर) लावून मायक्रोस्कोपमधून फोटो काढतोय. ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडजवळचं भिंग, 10एक्स. कधी थेंब रात्रभर चिकटच राहतो. वाळलाच तर गडद निळा-किरमिजी मिळत नाही, सगळं फिकट गुलाबी-हिरवं. प्रिंट दोनेक फूट रुंद हवी आहे, त्यासाठी जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा लागेल का?

तिरकाप्रकाश:
थर जाड झालाय. स्फटिकात प्रकाशाचे दोन घटक वेगवेगळ्या वेगाने जातात आणि एक मागे पडतो. ही पिछाडी साधारण 550 नॅनोमीटर झाली की वरच्या पोलरायझरशी हिरवा कटतो आणि किरमिजी दिसतो. थर जाड असेल तर एकदम बरेच रंग कटतात, उरतं ते तुमचं धुवट गुलाबी-हिरवं. फारच पातळ झाला तर नुसता करडा.

1 ग्रॅम शुद्ध पावडर 10 मिली पाण्यात घ्या. गोळी कुटून घेऊ नका, तिच्यातल्या बाइंडरने द्रावण गढूळ होतं. एक थेंब टाकून दुसऱ्या स्लाइडच्या कडेने 4 सेंटीमीटर ओढा, रक्त तपासताना थेंब काचेवर पसरवतात तसा. वाळल्यावर जेमतेम 3 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर राहतो. तोच थेंब 8 मिलिमीटरच्या ठिपक्यात वाळला तर 60 मायक्रॉनच्या आसपास जातो! काच आधी साबणाने, मग स्पिरिटने पुसा. तेलकट काचेवर द्रावणाचे मणी होतात.

अर्धास्फटिक:
चिकटपणाचं कारण वेगळं. पाणी उडालेलं असतं, पण स्फटिकाला सुरुवात करायला बीज मिळत नाही. सुईच्या टोकावर कोरड्या पावडरचा एक कण घेऊन थराच्या कडेला टेकवा. तिथून पंख्यासारखी नक्षी पसरत जाते. बीज कुठे टेकवायचं ते तुमच्या हातात, म्हणजे चित्राची मांडणीही. घाई म्हणून पावडर वितळवू नका, ती करपून तपकिरी होते. वितळवायचंच असेल तर सायट्रिक ॲसिड घ्या, 153 अंशांना वितळतं. मिठाच्या वाटेला जाऊ नका. त्याचे घनाकृती स्फटिक काळेच दिसतात.

तिरकाप्रकाश:
कॅमेऱ्याचं राहिलंच. 10एक्स, 0.25 एनएचं (एनए म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचा आकडा) ऑब्जेक्टिव्ह सुमारे 1.3 मायक्रॉनपेक्षा जवळचे तपशील वेगळे दाखवत नाही. 1.8 मिलिमीटरच्या दृश्यासाठी 2700 पिक्सेल पुरतात; पुढचे पिक्सेल रिकामेच. मोठ्या प्रिंटसाठी 3×3 फोटो, 30 टक्के ओव्हरलॅप ठेवून जोडा. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 21 इंच निघतात. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल ठेवा. स्लाइड फक्त सरकवा. जराशी फिरली तरी स्फटिकांचा उजेड बदलतो आणि जोड उघडे पडतात.

काचपट्टी:
खाली कॅमेऱ्याचा सीपीएल (वर्तुळाकार पोलरायझर) फिल्टर ठेवलाय. पार्श्वभूमी पूर्ण काळी होत नाही, ती त्यामुळेच का?

अर्धास्फटिक:
हो. सीपीएलमध्ये रेषीय पोलरायझरचा थर असतो आणि त्याच्या मागे, कॅमेऱ्यावर बसवायच्या आट्यांच्या बाजूला, प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित करणारा थर. तुमची आट्यांची बाजू स्लाइडकडे असणार. फिल्टर उलटा ठेवा, म्हणजे रेषीय थर वर येईल. तरीही काळोख होत नसेल तर प्लास्टिकची डिश किंवा कव्हर मध्ये आहे का बघा. प्लास्टिकमधला ताण स्वतःचेच रंग दाखवतो, तिथे काचच हवी.